मतपेटी आणि कोर्टाची पायरी : आपल्या हक्कांचा इतिहास



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा कुणी धम्मावर, कुणी शिक्षणावर, कुणी व्यसनमुक्तीवर लिहायला घेतले. आम्ही हा विषय घेतला, त्याला कारण घडले. वर्षावासात ग्रंथवाचन झाले की चहा होतो, मंडळी थोडा वेळ बसतात, गप्पा निघतात. त्या गप्पांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले म्हणजे "आमच्या एका मताने काय होणार हो?" आणि दुसरे, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

ही वाक्ये बोलणारी माणसे वाईट नाहीत, कष्टाळू आणि श्रद्धाळू आहेत. पण आपल्या आज्या-आजोबांनी या दोन वाक्यांवर भरवसा ठेवला असता, तर आज आपण कुठे असतो? आपल्या समाजाला जे काही मिळाले ते मत, कायदा आणि कोर्ट या तीन वाटांनी मिळाले, आणि या वाटांवर पाय रोवून उभ्या राहिलेल्या माणसांमुळे मिळाले. हा इतिहास आपल्या घरातल्या मुलांना नीट ठाऊक असावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

संघातली शलाका

लोकशाही ही इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे, असे बरेच जण समजतात. परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले, त्यात त्यांनी मुद्दाम भिक्खूसंघाची आठवण करून दिली. संघाच्या सभेत कुणी कुठे बसावे, ठराव कसा मांडावा, किती भिक्खू हजर असले म्हणजे सभा भरली असे मानावे, मते कशी मोजावीत, या सगळ्यांचे नियम तथागतांच्या काळी होते. वाद मिटला नाही तर भिक्खूंना शलाका म्हणजे लहान काड्या वाटत. ज्याच्या निःपक्षपणावर सर्वांचा विश्वास असे असा एक भिक्खू त्या गोळा करी, आणि ज्या बाजूला जास्त शलाका ती बाजू मान्य होई.

वैशालीच्या वज्जींबद्दलही तथागतांनी सांगितले होते की, जोवर ते वरचेवर एकत्र जमतील, एकोप्याने जमतील आणि एकोप्याने उठतील, तोवर त्यांची वृद्धीच होईल, हानी होणार नाही. महापरिनिब्बान सुत्तातला हा भाग आपण विहारात ऐकतो, पण ग्रामसभेची नोटीस लागली की मात्र घरी बसतो. ऐकणे आणि वागणे यांत एवढे अंतर पडू नये.

चवदार तळ्याचे पाणी

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या घरातले लहान मूलसुद्धा सांगते. पण त्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हे मोठ्यांनाही नीट सांगता येत नाही.

आधीचे असे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कायदेमंडळाचा ठराव झाला, नगरपालिकेचा ठराव झाला. पाणी मिळाले का? नाही. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. माणसे चालत गेली तेव्हाच तो कागद जिवंत झाला.

आता नंतरचे. सत्याग्रहींना मारहाण झाली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तर १२ डिसेंबरला महाडच्या काही सवर्ण मंडळींनी दिवाणी कोर्टात दावा ठोकला. त्यांचे म्हणणे असे की तळे खाजगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी भरू नये अशी अनादी काळापासूनची वहिवाट आहे. प्रतिवादी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

२५ डिसेंबरला हजारो माणसे महाडात जमली होती. तळे समोर दिसत होते. लोक संतापलेले होते, पाणी घ्यायचेच म्हणत होते. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. कोर्टाचा हुकूम आहे, तो आपण मोडायचा नाही, आपण तो कोर्टातच उठवू, अशी त्यांची भूमिका. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्याचे पाणी मंडळींनी घेतले नाही. ज्या माणसाने धर्मशास्त्राचा ग्रंथ जाळला, त्याच माणसाने कोर्टाचा कागद पाळला. या दोन गोष्टी एकाच मुक्कामी घडल्या, हे आपण विसरू नये.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला, पण खटला चालूच राहिला. जून १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. वादी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात गेले, तिथेही जानेवारी १९३३ मध्ये हरले. मग मुंबई हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे, आणि वादी सांगतात ती अनादी वहिवाट सिद्ध होत नाही, असा निकाल लागला.

हिशेब करा. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे आणि नुसता खटला सव्वानऊ वर्षे. एका तळ्याच्या पाण्यासाठी कायदे कौन्सिल, नगरपालिका, सत्याग्रह आणि तीन कोर्टे लागली. यातले एक जरी वगळले असते तरी काम अपुरे राहिले असते. म्हणून कुणी "नुसत्या मोर्चाने होतं" म्हणाले किंवा "नुसत्या कायद्याने होतं" म्हणाले, तर त्यांना चवदार तळ्याचा हा पूर्ण इतिहास सांगावा.

मत कुणाला होतं?

आज अठरा वर्षे पुरी झाली की मत मिळते, म्हणून त्याची किंमत वाटत नाही. आपल्या पणजोबांना मत नव्हते. १९१९ च्या कायद्याने मत मिळाले ते शेतसारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण असणाऱ्यांना. ज्याला गावात बलुतं मागून खावे लागे, तो सारा कुठून भरणार आणि मत कुठून देणार? कायदे कौन्सिलात आपले प्रतिनिधी सरकारने नेमलेले असत. बाबासाहेब स्वतः १९२६ च्या अखेरीस असेच नेमले गेले.

याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, आपल्या पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला गावोगावच्या महारांची सभा भरवून पलटणीत, पोलिसात आणि सरकारी नोकरीत जागा मिळाव्यात असा अर्ज सरकारकडे पाठवला होता. मत नव्हते म्हणून अर्ज. अर्ज करणे हेच तेव्हाचे मत होते असे म्हणा ना.

१९१९ च्या जानेवारीत साउथबरो कमिटीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. पुढे सायमन कमिशन आले तेव्हा २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात त्यांची साक्ष झाली. त्यांनी मागितले काय, तर प्रौढ मताधिकार. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला आणि प्रत्येक स्त्रीला मत. त्या काळात मोठमोठ्या पुढाऱ्यांनाही ही मागणी अतिरेकी वाटत होती. अडाणी माणसाला मत काय कळणार, असे ते विचारीत. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, ज्याला आपले बरेवाईट कळते त्याला मत देता येते, आणि मत देता-देताच माणूस शिकतो.

ती मागणी घटनेच्या ३२६ व्या कलमात आली. १९५१-५२ ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, सतरा कोटींवर मतदार नोंदले गेले. त्या वेळी एक गोष्ट घडली, ती आमच्या उपासिका भगिनींनी लक्षात ठेवावी. उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढेच सांगितले. नाव नाही म्हणून सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नोंद यादीतून काढावी लागली. मतदार यादीत आपले स्वतःचे नाव असणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

येरवड्याचा करार

हिंजवडीहून येरवडा फार लांब नाही. एका सकाळी जाऊन परत येता येईल. त्याच येरवड्याच्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. म्हणजे काही जागांवर अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यच निवडणार. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरपासून प्राणांतिक उपोषण सुरू केले. देशभर दडपण आले आणि बाबासाहेबांना सही करावी लागली. प्रांतांच्या कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाला. उमेदवार आपला, पण त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार दुसरे.

जागा वाढल्या हा फायदा, आणि खरा प्रतिनिधी निवडण्याची ताकद गेली हा तोटा. बाबासाहेबांना हा तोटा आयुष्यभर सलत राहिला. १९४६ च्या जुलैत पुण्यात कौन्सिल हॉलवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने सत्याग्रह केला, त्यातही पुणे कराराचा निषेध होता. राखीव जागेवरून निवडून आलेला माणूस आपले ऐकत का नाही, असा प्रश्न आजही आपण विचारतो. त्याचे मूळ या करारात आहे. राखीव जागेवर कोण उभा राहतो एवढेच पाहू नये, त्याला निवडून कोण आणतो हेही पाहावे.

तरी त्या चौकटीतही आपल्या माणसांनी काम करून दाखवले. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्यांतले एक राजाराम भोळे. ते पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९८० मध्ये लोकसभेवरही निवडून गेले. कायदे करणारे सभागृह आणि न्याय देणारे न्यायालय, दोन्हीकडे आपला माणूस बसला.

हरलेली निवडणूक

घटना लिहिणारा माणूस स्वतः निवडणूक हरला, ही गोष्ट मुलांना सांगताना आम्हाला आजही जड जाते. १९५२ ला उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. तो दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्या निवडणुकीत ७४ हजारांवर मते बाद झाली. बाबासाहेबांनी आणि अशोक मेहतांनी त्याविरुद्ध अर्ज केला. निकाल बदलला नाही. पण त्यांनी केले काय ते पाहा. हरल्यावर दगड उचलायला सांगितले नाही, कायद्यात जो मार्ग होता त्या मार्गाने दाद मागितली.

भंडाऱ्याची गोष्ट अशीच. तिथे १९५२ ला गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते जातीने महार, पण महानुभाव पंथ स्वीकारलेले. पंथ बदलला म्हणजे जात गेली, असे धरून त्यांचा अर्ज बाद केला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये कोर्टाने निकाल दिला की, महानुभाव झाले तरी ते महारच राहिले, अर्ज चुकीने बाद केला, सबब निवडणूक रद्द. म्हणून १९५४ मध्ये भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली आणि बाबासाहेब उभे राहिले. तेही सुमारे आठ हजार मतांनी पडले.

जुने कार्यकर्ते एक आठवण सांगत असत. दुसरे मत कुणालाच देऊ नका, ते कुजवा, म्हणजे बाबासाहेब नक्की येतात, असा सल्ला काही जणांनी दिला होता. बाबासाहेबांनी तो मानला नाही. मत वाया घालवायला मी सांगणार नाही, पडलो तर पडलो, अशी त्यांची भूमिका होती. आज जेवणावळीसाठी, पाकिटासाठी मत देणाऱ्यांनी ही आठवण मनाशी घोळवावी. बाबासाहेब जिंकण्यासाठीसुद्धा जे करायला तयार झाले नाहीत, ते आपण एका रात्रीच्या मटणासाठी करतो.

बौद्ध झालो आणि राखीव जागा गेली

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्याआधी २५ डिसेंबर १९५४ ला आपल्या शेजारी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली होती. इथल्या कितीतरी घरांत ती आठवण वडीलधाऱ्यांकडून आली आहे. दीक्षेनंतरची पहिली निवडणूक १९५७ ची. संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभे राहिले आणि नाशिकहून दादासाहेब गायकवाड, कोपरगावहून बी. सी. कांबळे, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडहून बाळासाहेब साळुंके लोकसभेत गेले. बाबासाहेब नुकतेच गेलेले. समाज पोरका झालेला. तरी मतपेटीतून उत्तर दिले.

पण एक अडचण उभी राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात असे होते की, हिंदू धर्म मानणारालाच अनुसूचित जातीचा समजावे. १९५६ मध्ये त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. १९६२ च्या निवडणुकीत नागपूर भागातल्या एका राखीव जागेवरून डॉ. डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे म्हणून ही जागा त्यांना लढवता येत नाही, असा दावा पंजाबराव नावाच्या अर्जदाराने केला. निवडणूक न्यायाधिकरणाने निवड रद्द केली, हायकोर्टाने ती कायम केली, आणि सप्टेंबर १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा रद्द केली. आपण जुना धर्म सोडला आणि नवा घेतला असे माणसाने जाहीरपणे सांगितले, तर तो नव्या धर्माचा झाला असे धरावे लागेल, असे कोर्टाने म्हटले.

भंडाऱ्याच्या निकालाशेजारी हा निकाल ठेवून पाहा. महानुभाव झालेला माणूस हिंदू धर्माच्या आत राहिला, म्हणून जात राहिली. बौद्ध झालेला बाहेर पडला, म्हणून सवलत गेली. गावकुसाबाहेरची वस्ती तीच, घर तेच, गावचे वागणेही तेच. कागदावर मात्र सगळे बदलले. त्या वेळी समाजात फार चलबिचल झाली. कित्येक घरांत मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' राहिले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. त्यांना कुणी नावे ठेवू नयेत, पोटाचा प्रश्न होता. ज्यांनी सवलत सोडून 'बौद्ध' लिहिले, त्यांनी काय गमावले हेही विसरू नये.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कोर्ट कायदा बनवत नाही, आहे तो कायदा वाचते. दोष आदेशाच्या शब्दांत होता, आणि ते शब्द बदलण्याचा अधिकार संसदेला. म्हणून लढाई कोर्टातून संसदेकडे न्यावी लागली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या शिक्षणाच्या आणि नोकरीच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. पण केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ बंदच राहिले. डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. भूमिहीनांना जमीन, बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेत आणि बौद्धांना सवलती, अशा मागण्या होत्या. तैलचित्र १९९० मध्ये लागले. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जाही १९९० च्या जूनमध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना, संसदेच्या कायद्याने मिळाला. दीक्षेपासून चौतीस वर्षे!

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस लाख लोकांनी धर्म बौद्ध लिहिला. २०११ ला ही संख्या पासष्ट लाखांवर गेली. आता २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. १९९० नंतर बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीची सवलत जात नाही. म्हणून धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात आपली अनुसूचित जात, हे घरातल्या प्रत्येकाचे नीट लिहून घ्यावे. मोजणारा माणूस दारात उभा असताना "लिहा तुमचं तुम्ही" असे म्हणू नये.

वतनाची जमीन आणि सातबारा

पुणे जिल्ह्यात गावोगाव महार वतनाच्या जमिनी होत्या. वतन म्हणजे इनाम, असे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात थोड्याशा जमिनीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारची आणि गावाची राबणूक. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले. ते मागे घ्यावे लागले. १९३९ मध्ये हरेगावला वतनदारांची परिषद भरली. शेवटी १९५८ मध्ये कनिष्ठ गाव वतने रद्द करण्याचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. तोवर बाबासाहेब हयात नव्हते. राबणूक गेली आणि जमीन ठराविक रक्कम भरून पुन्हा नावावर करून घेण्याचा हक्क मिळाला. ती जमीन कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, अशी अट घातली. लुबाडले जाऊ नये म्हणून ही अट.

आता हिंजवडीकडे या. म्हातोबाचे हे शेतकरी गाव. एमआयडीसी आली, आयटी पार्क झाले, उंच काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. औद्योगिक महामंडळाचा १९६१ चा कायदा सांगतो की, जमीन घेण्याआधी मालकाला नोटीस द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकावे. पण नोटीस जाते कुणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. आजोबा वारले, वारसनोंद केली नाही, बहिणींची नावे लागली नाहीत, रक्कम भरल्याची पावती हरवली, तर नोटीस कुणाच्या दारात येणार? याच मुळशी तालुक्यात १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. धरण झालेच, पण आपल्या जमिनीबद्दल विचारायचा आपल्याला हक्क आहे, हे या डोंगराळ तालुक्याने देशाला दाखवून दिले. घरात सातबारा आणि फेरफाराचे उतारे नसतील, तर या आठवड्यात काढून घ्या. त्यासाठी वकील लागत नाही.

आपल्या गावात, आज

आता थोडे रोजच्या कामाचे. आपले हिंजवडी गाव विधानसभेला भोर मतदारसंघात आणि लोकसभेला बारामती मतदारसंघात मोडते. शेजारचे वाकड १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. तिथला मतदार चिंचवड विधानसभेला आणि मावळ लोकसभेला मत देतो. एकाच घरातले दोन भाऊ, एक हिंजवडीत आणि एक वाकडला, वेगवेगळे आमदार-खासदार निवडतात. म्हणून घर बदलले की यादीतले नावही बदलून घ्यावे. नाव जुन्या गावी, माणूस नव्या सोसायटीत आणि मतदानाच्या दिवशी धावपळ, असे नेहमी होते. आमच्यातल्याच काहींची नावे ऐन मतदानाच्या सकाळी यादीत सापडली नाहीत. कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, यादी आधी पाहिली नव्हती.

नवीन नावासाठी सहा नंबरचा अर्ज भरतात. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असले पाहिजेत असा एकच दिवस होता. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांची पहिली तारीख धरतात. मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले ते १९८९ मध्ये. तेव्हा बारावी झालेल्या मुला-मुलींनी वाट पाहू नये.

कोण काय करतो हेही कळले पाहिजे. गटार, पाणी, दिवाबत्ती ही ग्रामपंचायतीची कामे. राज्याचे कायदे, पोलीस आणि जमीन महसूल विधानसभेच्या कक्षेत येतात. घटनादुरुस्ती आणि अनुसूचित जातींची यादी संसदेकडे. नळाला पाणी नाही म्हणून खासदाराला नावे ठेवायची आणि ग्रामसभेला जायचे नाही, याने पाणी येत नाही. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, तेव्हापासून पंचायतीत अनुसूचित जातींना लोकसंख्येप्रमाणे आणि स्त्रियांना राखीव जागा आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा झाली पाहिजे आणि तिच्याआधी महिलांची सभा झाली पाहिजे. तिथे बोललेले प्रोसिडिंग बुकात लिहायला सांगा. लिहिले नाही तर ते बोललोच नाही असे होते.

आणि कोर्ट. कोर्टात वेळ जातो, पैसा जातो, हे खोटे नाही. पण अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ चा हा कायदा १९९५ पासून अमलात आहे. आपल्यातल्या किती जणांनी त्याचा उपयोग केला? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची तक्रार पोलीस ठाण्यात लिहून घेतली की तिची नक्कल मोफत मिळते, ती मागून घ्यावी. निवडणुकीत गैरप्रकार झाला असे वाटले तर आमदार-खासदाराच्या निकालाविरुद्ध ४५ दिवसांच्या आत हायकोर्टात अर्ज करावा लागतो. मुदत गेली की तक्रार कितीही खरी असो, उपयोग नाही. घटनेच्या ३२ व्या कलमाने मूलभूत हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जाता येते. घटनेतले सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते, तर बाबासाहेबांनी याच कलमाचे नाव घेतले आणि त्याला घटनेचा आत्मा म्हटले.

तर मंडळी, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण ज्यांनी केली, त्यांच्याकडे जमीन होती, पाणी होते, गावात मान होता. त्यांना कोर्टावाचून चालत होते. आपल्या माणसांकडे यातले काहीच नव्हते, म्हणून ते महाडहून ठाण्याला आणि ठाण्याहून मुंबईला पायऱ्या चढत गेले. ही म्हण आपली नव्हे.

एक विनंती करून लेख संपवतो. विहारात दर पौर्णिमेला आपण जमतोच. त्यातली एक पौर्णिमा वर्षातून कागदपत्रांसाठी ठेवावी. मतदार यादी, जातीचे दाखले, सातबारा आणि रेशनकार्ड घेऊन यावे. शिकलेल्या मुलांनी वडीलधाऱ्यांशेजारी बसून ते तपासावेत. ज्या मावशीला वाचता येत नाही, तिला तिचे नाव यादीत कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावे. वंदना आणि त्रिसरण-पंचशील घेऊन हे काम सुरू केले, तर ते धम्माचेच काम होईल असे आम्हाला वाटते.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! जय बुद्ध!